काटा पंधरावर, पण मधला गाऊन कच्चा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ठाणे, कळवा, ऐरोली भागातल्या लहान नर्सिंग होममध्ये उभा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुकीकरण करणारे यंत्र) वापरताना काटा १५ पौंडांवर आला की घड्याळ लावले जाते. चूक इथेच होते. काटा दाब दाखवतो, तापमान नव्हे. आत निव्वळ वाफ असेल तरच १५ पौंडांना १२१ अंश सेल्सिअस मिळतात. निम्मी हवा आत राहिली, तर त्याच काट्यावर जेमतेम ११२.

सुती कपड्यांत हा घोळ वाढतो. गार कापडाला टेकून एक किलो वाफेचे पाणी झाले, की सुमारे २२०० किलोज्यूल उष्णता कापडात उतरते आणि वाफेचे आकारमान आठशे पटींहून अधिक आक्रसते. त्या रिकाम्या जागेत नवी वाफ खेचली जाते. हवेचे मात्र पाणी होत नाही. घट्ट कोंबलेल्या ड्रममध्ये (कपडे भरायच्या भोकांच्या डब्यात) ती मधोमध साचते आणि तिथला गाऊन कच्चा, म्हणजे पुरता निर्जंतुक न झालेला, राहतो.

म्हणून घड्यांत हात सहज जाईल इतकेच भरावे, घड्या उभ्या लावाव्यात, ड्रमची भोके उघडी ठेवावीत (ती बंदच राहणे हे नेहमीचे!). वाफ अखंड येऊ लागल्यावरही हवा बाहेर सोडणारा कॉक पाचेक मिनिटे उघडाच ठेवावा. थर्मामीटरने १२१ दाखवल्यावर पुढची ३० मिनिटे मोजावीत.

पाच किलो कापड तापताना पाव लिटरहून जास्त पाणी त्यात मुरते, तेव्हा वाळवणे टाळता येत नाही. गरम ड्रम कडप्प्याच्या ओट्यावर ठेवला, की तळाशी पाणी सुटते. ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. ओला गठ्ठा पुन्हा लावावा, पंख्याखाली सुकवून वापरू नये.

उलट, इस्त्रीखालून थेट ड्रममध्ये गेलेले कोरडे सूतही त्रास देते. ते ओलावा शोषताना स्वतःच तापते, भोवतालची वाफ कोरडी पडते, आणि १२१ अंशांची कोरडी वाफ गरम हवेइतकीच दुबळी. म्हणून इस्त्रीनंतर कपडे दोन तास रॅकवर मोकळे राहू द्यावेत, म्हणजे ते हवेतला ओलावा घेतात.

ड्रमवर बाहेरून लावलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपवरच्या काळ्या रेघा एवढेच सांगतात, की ड्रमला बाहेरून आच लागली. नर्सिंग होमच्या तपासणीत ड्रमच्या मध्यावर ठेवलेली निर्देशक पट्टी (आत वाफ पुरेशी पोचली का, हे रंगाने दाखवणारी) काढून पाहिली जावी, ही विनंती.

– एक निर्जंतुकीकरण तंत्रज्ञ, ठाणे