दिवा गेला म्हणून संच भंगारात काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात वादळाच्या बातम्या सुरू झाल्या की किनारपट्टीवरचे हौशी रेडिओचालक (हॅम) आपले बोलण्या-ऐकण्याचे रेडिओसंच तपासायला घेतात आणि तीच तक्रार ऐकू येते. संच चालतो, पण डायलचा किंवा मीटरचा दिवा लागत नाही, नाहीतर लुकलुकतो. दुरुस्तीवाला ‘बोर्ड गेला’ म्हणून मोकळा होतो. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते. अशा काळोखात फ्रिक्वेन्सी आणि एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी नीट जुळली आहे का ते सांगणारा आकडा) वाचायचा तर हा दिवा हवाच.

आपल्याकडे बल्बापेक्षा त्याची जोडणीच जास्त वेळा खराब झालेली सापडते. खाऱ्या हवेने पिना, सॉकेट, फ्यूजहोल्डर यांवर हिरवट पूट चढते. इथे मल्टिमीटर फसवतो. बल्ब काढून सॉकेटवर मोजले तर पॉवर सप्लायचे 13.8 व्होल्ट पुरेपूर दिसतात, कारण मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. म्हणून बल्ब जागेवर ठेवून थेट त्याच्या दोन टोकांवर मोजा. व्होल्टेज दोन-तीनवर आले तर दोष वाटेतल्या जोडात. पूर्ण व्होल्टेज असूनही उजेड नसेल तरच बल्ब गेला. (काही संचांत हा दिवा स्थिर 8 व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरवर असतो, सर्किट आधी पाहावे.) मल्टिमीटर ओहमवर लावून बल्बाचा रोध तपासणारेही चकतात. 12 व्होल्ट, 60 मिलिअँपिअरचा बल्ब पेटल्यावर 200 ओहमचा असतो, थंड असताना मात्र पंधरा-वीसच दाखवतो. तो शॉर्ट नव्हे.

सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ करावे, पूट जाड असेल तर पिना बारीक पॉलिश पेपरने घासाव्यात. गंज सोडवणारा घरगुती स्प्रे मात्र नको. त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

बोलताना दिवा मंदावत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. 100 वॉटचा संच ट्रान्समिटला (प्रक्षेपण करताना) सुमारे 20 अँपिअर घेतो. फ्यूजहोल्डरच्या गंजलेल्या पात्यांत नुसता 0.1 ओहम वाढला तरी 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि 40 वॉट उष्णता होते. प्लॅस्टिक वितळते ते यामुळे. एसएसबी या आवाज पाठवण्याच्या पद्धतीत तर आवाजाच्या चढउताराबरोबर दिवा खालीवर होतो. अशा वेळी बल्ब बदलून काय होणार? वायर, फ्यूजहोल्डर आणि पॉवर सप्लायचे टर्मिनल बघा.

बल्ब खरोखर गेला असेल तर एलईडी लावणे उत्तम. पांढऱ्या एलईडीला 3.2 व्होल्ट धरा. 13.8 मधून उरतात 10.6, 10 मिलिअँपिअरसाठी 1 किलोओहमचा, पाव वॉटचा रेझिस्टर मालिकेत पुरतो. मीटरला दोन एलईडी मालिकेत लावायचे तर 820 ओहम. लांब पाय पॉझिटिव्हला, जोडावर हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी प्लॅस्टिकची नळी). एलईडीचे टोक पॉलिश पेपरने घासले की उजेड पसरतो, एकच ठिपका चमकत नाही. जुन्या मीटरला वॉर्म व्हाइटच शोभतो. मोटारीसाठी मिळणारे तयार 12 व्होल्टचे एलईडी शक्यतो टाळा. त्यांपैकी कित्येकांतले स्विचिंग सर्किट एचएफवर (लघुलहरींवर) खरखर करते.

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) जुन्या संचात दिवा बहुधा 6.3 व्होल्ट एसीवर असतो. तिथे थेट एलईडी लावू नये. एसीचे शिखर 8.9 व्होल्टपर्यंत जाते आणि एलईडी उलट दिशेचे साधारण 5 व्होल्टच सोसतो. मुळातलाच 0.15 किंवा 0.25 अँपिअरचा बल्ब, जो असेल तोच, घालावा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या संचाची चासी (धातूचा सांगाडा) थेट मेन्सला (घरातल्या विजेला) जोडलेली असू शकते आणि त्यातला डायलचा दिवा बहुधा व्हॉल्व्हच्या मालिकेत जोडलेल्या हीटरच्या साखळीचा भाग असतो. तो माहितगाराकडेच द्यावा. एलसीडीमागे उजेडाची ट्यूब असलेल्या संचांचेही तेच, तिथे ट्यूब पेटवणारे इन्व्हर्टर सर्किट शेकडो व्होल्ट देते.

पावसाळ्यात संच कपाटात कोंडून ठेवू नये. आठवड्यातून तासभर चालू ठेवला की आतली ओल उडते. एरवी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा. त्याचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत तापवावेत. तो तवा मात्र पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये, दाण्यांत कोबाल्ट असतो.

आपले,
काही हौशी रेडिओचालक, रत्नागिरी