आधी वेळ आणि विमान, भाडे त्यानंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की स्वस्त विमानतिकीट कसे मिळवावे यावर लेख येऊ लागतात. ते बहुधा एकट्या, सडाफटिंग प्रवाशाला समोर ठेवून लिहिलेले असतात. आरक्षणाची संकेतस्थळेही तशीच. भाडे आणि एकूण वेळ एवढ्याच दोन गोष्टींवर ती यादी लावतात. लहान मुलांना घेऊन एकटी आई किंवा एकटा बाप निघणार असेल, तर यादीत सर्वात वर दिसणारे विमान पुष्कळदा सर्वात गैरसोयीचे निघते. आम्ही तिकीट आरक्षणाच्या व्यवसायात आहोत, म्हणून हे थोडे तपशिलात लिहितो.

सुरुवात सुटण्याच्या वेळेपासून करावी. आखूड पल्ल्याचे एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या मारते आणि सकाळच्या फेरीचा उशीर पुढच्या प्रत्येक फेरीत साचत जातो. दिवसाच्या पहिल्या फेरीचे विमान बहुधा आदल्या रात्रीच तळावर येऊन उभे असते, त्यामुळे ते वेळेवर सुटण्याची शक्यता जास्त. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी ढग उभे राहतात, तोही खोळंबा टळतो. शेवटची फेरी रद्द झाली तर पर्याय थेट दुसऱ्या दिवशीचा. कडेवर झोपलेले मूल आणि हातात सामान असताना ती वेळ कुणावर येऊ नये. मात्र पहिली फेरी पहाटे पाचची असेल तर मुलांना रात्री दोनलाच उठवावे लागते आणि मिळालेला फायदा चिडचिडीत वाहून जातो. म्हणून आम्ही शक्यतो सकाळी सात ते दहाच्या दरम्यान सुटणारे विमान सुचवतो.

रात्रीच्या विमानाबद्दल सरसकट ‘मुले झोपतात’ असे म्हटले जाते. नऊ-दहा तासांचा पल्ला असेल तर ते बऱ्याच अंशी खरे. चार-पाच तासांच्या रात्रीच्या विमानात मात्र उड्डाण, जेवणाच्या ट्रॉल्या, घोषणा आणि उतरण्याची तयारी वगळता सलग झोपेला जेमतेम दोन तास उरतात. मुले अर्धवट झोपेत उठतात आणि त्यांना उचलणारा माणूस तर झोपलेलाच नसतो. असे विमान भाड्याला कितीही हलके असले तरी आम्ही ते एकट्या पालकाला देत नाही.

थेट विमान की मध्ये थांबा? दहा तासांपर्यंतच्या पल्ल्याला थेटच घ्यावे, थोडे जास्त पैसे गेले तरी. प्रत्येक थांब्याला पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा चढणे-उतरणे येते आणि हे सारे दोनच हातांनी करायचे असते. त्याहून लांबच्या पल्ल्याला मुलाचे वय पाहावे. न चालणारे बाळ थेट विमानात निभते. दहा महिने ते दोन वर्षे या वयाचे, सतत रांगणारे-पळणारे मूल पंधरा तास एका जागी राहत नाही; त्याला मध्ये तीन तासांचा थांबा मानवतो.

थांबा घेतलाच तर संकेतस्थळ दाखवते त्या किमान जोडवेळेवर, म्हणजे दोन विमानांमधल्या कमीत कमी वेळेवर, विसंबू नये. तो हिशेब भरभर चालणाऱ्या माणसाचा असतो. मुलांना घेऊन एकटा प्रवास करणारा माणूस विमानातून बहुधा शेवटी उतरतो आणि पुढच्या विमानाचे गेट सुटण्याच्या १५-२० मिनिटे आधी बंद होते. साठ मिनिटांची जोडवेळ दिसत असेल तर दोन तास धरा. टर्मिनल बदलायचे असेल तर तीन. दोन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, असावीत, ही अट तर सोडूच नये. पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले तर एकाच पीएनआरवर कंपनी पुढची सोय करून देते. दोन वेगळी तिकिटे जोडलेली असतील तर पुढचे तिकीट वाया जाते, सामान पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा करावे लागते आणि त्यासाठी कधी कधी त्या देशाचा व्हिसाही लागतो. काही संकेतस्थळे अशी जोडतिकिटे बेमालूमपणे विकतात. ‘सेल्फ ट्रान्सफर’ हे शब्द दिसले की पुढे जाऊ नये.

मग पाहायचे ते विमानाचे मॉडेल. ते तिकिटाच्या तपशिलात दिलेले असते, पण फार थोडे लोक वाचतात. एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ मध्ये इकॉनॉमीची मांडणी ३-३ असते. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये साधारणतः ३-३-३, ए३३० मध्ये २-४-२, तर बोइंग ७७७ मध्ये आता बऱ्याच कंपन्यांकडे ३-४-३. एक पालक आणि एक मूल असेल तर ए३३० ची खिडकीकडची दोन आसने उत्तम; तिसरा कुणी शेजारी येतच नाही. दोन मुले असतील तर खिडकीकडची तीन आसने घ्यावीत आणि पालकाने आयलकडे, म्हणजे ये-जा करायच्या वाटेकडे, बसावे, म्हणजे मुले आत बंदिस्त राहतात. मधल्या चार आसनांच्या रांगेत तीन मुलांसह बसता येते, पण तिथे दुसरे टोक मोकळे राहते. त्या टोकाला सर्वात मोठे, समजूतदार मूल बसवावे. आपत्कालीन दाराच्या रांगेत मुले बसवतच नाहीत आणि शेवटच्या रांगेत शौचालयाची वर्दळ असते.

७८७ आणि ए३५० ला आम्ही आणखी एका कारणाने झुकते माप देतो. इतर बहुतेक जेट विमानांत केबिनमधला हवेचा दाब जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीइतका विरळ होऊ शकतो. या दोन्हींत तो सुमारे ६,००० फुटांच्या पातळीवर ठेवतात. लहान मुलांची कान आणि घसा जोडणारी नळी अरुंद आणि आडवी असल्याने दाबाचा फरक त्यांना जास्त जाणवतो. त्रास मुख्यतः उतरताना होतो आणि विमान उतरू लागते ते धावपट्टीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी. दूध पाजायचे किंवा काही चोखायला द्यायचे ते तेव्हा. पट्टे बांधण्याची शेवटची सूचना होईपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो.

भिंतीला लावायच्या पाळण्याचे, म्हणजे बॅसिनेटचे, आकर्षण पुष्कळांना असते. वजनाची मर्यादा कंपनीनुसार बदलते, पण बहुतेक ठिकाणी ती १० ते १४ किलोंच्या दरम्यान असते. लांबीचीही मर्यादा असते. सहा-आठ महिन्यांपर्यंतच्या बाळाला पाळणा खरोखर उपयोगी. तरी उड्डाणात, उतरताना आणि हवेच्या खळबळीत पट्ट्याचा दिवा लागला की बाळाला काढून मांडीवर घ्यावेच लागते. बाळ मोठे असेल तर ही पुढची रांग उलट अडचणीची ठरते. तिथे ट्रे हाताच्या दांडीत बसवलेला असल्याने दांडी वर होत नाही, मूल आडवे झोपू शकत नाही आणि उड्डाण-अवतरणाच्या वेळी पिशवी पायाशी ठेवता येत नाही. तेव्हा हीच पिशवी सर्वात जास्त लागते!

मांडीवरच्या बाळाचे नियम आधी नीट समजून घ्यावेत. दोन वर्षांखालचे वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशी. सुट्टीतच दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला स्वतंत्र आसन लागते. एका प्रौढाच्या मांडीवर एकच बाळ. जुळी असतील तर एकासाठी आसन आणि विमानात चालणारी कार सीट घ्यावी लागते. ती बहुधा खिडकीपाशीच लावू देतात, कारण इतरांची बाहेर पडण्याची वाट अडता कामा नये. इकॉनॉमीचे आसन साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर रुंद असते. कार सीट मोजल्याशिवाय निघू नये. गाडीत वापरतो तो पाठ नसलेला बूस्टर उड्डाणाच्या वेळी चालत नाही. ऑक्सिजनचे जादा मास्क मोजके असतात, सहसा तीन आसनांमागे एक जादा. त्यामुळे लगतच्या तीन आसनांत मांडीवरची दोन बाळे बसवत नाहीत आणि पूर्ण विमानातल्या बाळांची संख्याही ठरलेली असते. ‘बाळाचे तिकीट नंतर जोडू’ म्हणणारे गर्दीच्या मोसमात इथेच अडकतात.

भाड्याच्या एका चलाखीबद्दलही सांगायला हवे. चार तिकिटे एकत्र शोधली आणि सर्वात स्वस्त दराची दोनच शिल्लक असली, तर यंत्रणा चौघांनाही वरचा दर लावते. म्हणून दोन-दोन तिकिटे वेगळी काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मोठ्यांना तो ठीक. एकट्या पालकाने मात्र मुलांना वेगळ्या पीएनआरवर टाकू नये. वेळापत्रक बदलले तर यंत्रणा दोन पीएनआर दोन वेगळ्या विमानांत टाकू शकते. आसने शेजारी देण्याचे नियमही एकाच आरक्षणाला धरून असतात: भारतात २०२४ च्या निर्देशानुसार १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या पालकाशेजारी आसन द्यायचे आहे, तर कॅनडात पाच वर्षांखालच्या मुलाला लगतचेच आसन द्यावे लागते. कागदावर नियम असला तरी विमानाचे मॉडेल ऐनवेळी बदलले की निवडलेली आसने विस्कटतात. प्रवासाच्या आठवडाभर आधी, तीन दिवस आधी आणि वेब चेक-इन उघडताच, असे तीनदा आसनक्रमांक तपासावेत. कोडशेअर असेल, म्हणजे तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसरीचे असेल, तर पाळणा आणि आसने प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीकडेच पक्की करावीत. तिकीट विकणाऱ्याकडे केलेली विनंती पलीकडे पोहोचेलच असे नाही.

परदेशी जाताना एकाच पालकासोबत असलेल्या मुलांबाबत दुसऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतीपत्र मागितले जाऊ शकते. आडनावे वेगळी असतील तर जन्मदाखलाही जवळ हवा. हे दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवावे.

आमची तक्रार आहे ती कंपन्यांच्या संकेतस्थळांबद्दल. विमानाच्या दारापर्यंत पूल लागणार की बसने नेऊन जिन्याने चढवणार, बाबागाडी थांब्यावर दारातच परत मिळणार की थेट शेवटच्या पट्ट्यावर, या विमानात पाळणे किती आणि त्यांतले किती शिल्लक, यातले जवळपास काहीच पैसे भरण्याआधी दिसत नाही. पूल मिळेल की नाही हे ऐनवेळी ठरते, मान्य. पण एखादी कंपनी एखाद्या टर्मिनलवर नेहमीच बस वापरत असेल तर तेवढे सांगायला काय हरकत आहे? आसनांची पायदाने वर करून आडवे झोपण्याच्या जागेचे पैसे आकारताना आसनाचा नकाशा इंचाइंचाने दाखवता येतो. बाबागाडी कुठे मिळेल हे एका ओळीत लिहिता येईल. आपल्या पर्यटन पुरवणीने पुढच्या वेळी भाड्यांचा तक्ता छापताना त्यात या माहितीचा रकाना जोडावा, आणि कंपन्यांनी उत्तर दिले नाही तर तो रिकामा छापावा.

आपले,
विमानतिकीट आरक्षणाचे काम करणारे दोन वाचक