शास्त्रपाठाला कात्री लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्याकडे एका गृहस्थांचं पत्र छापून आलं. नाताळात ते शेजाऱ्यांबरोबर इथल्या एका प्रार्थनासभेला गेले होते. दीड तास गाणी झाली, माइकवरून 'प्रभू, हे दे, ते दे' चाललं, आणि ज्या ग्रंथाला हे लोक एवढं मानतात तो पाच मिनिटंसुद्धा उघडला नाही, असं त्यांनी लिहिलंय. ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे एवढंच का, असा त्यांचा प्रश्न आहे. वाचून मला वाईट वाटलं, कारण त्यांनी पाहिलं ते खोटं नाही. अलीकडे आमच्यात असं होऊ लागलंय. पण आमची उपासना मुळात अशी नाही, म्हणून हे पत्र.

माझं माहेर नगरचं, सासर इथं इंदूरला रामबागेत. घरात मराठी आणि चर्चमध्ये हिंदी, हे लग्नापासून चालत आलंय. चोवीस वर्षं मी रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला त्या दिवशीचा उतारा, वाचते. शनिवारी रात्री ओटा पुसून झाला की दुसऱ्या दिवशीचा उतारा काढते, आधी मराठीतून मोठ्यानं वाचते आणि मग हिंदीतून. मराठीतून वाचल्याशिवाय मला तो लागतच नाही. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, याच्या पेन्सिलीनं खुणा करते. 'नबुखद्नेस्सर' हे बाबेलच्या राजाचं नाव जिभेवर बसेपर्यंत मुलं झोपून गेलेली असायची. एवढा खटाटोप अशासाठी, की समोर बसलेल्या माणसाला ते वचन नीट ऐकू गेलं नाही तर तो प्रार्थनेत काय बोलणार? देव आधी बोलतो, मग माणूस उत्तर देतो, अशी आमची समजूत आहे. वाचन हे देवाचं बोलणं आणि प्रार्थना हे आपलं उत्तर.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, येशू नासरेथच्या सभास्थानात वाचायला उभा राहतो. त्याच्या हातात यशया संदेष्ट्याची गुंडाळी देतात, तो उतारा काढून वाचतो, गुंडाळी परत देतो आणि मग खाली बसून बोलायला लागतो. पुढे सुमारे इसवी सन १५५ मध्ये रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन या ख्रिस्ती विद्वानानं सम्राटाला उद्देशून एक निवेदन लिहिलं. रविवारी गावातले नि खेड्यातले सगळे एकत्र जमतात, प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात, मग पुढारी उपदेश करतो आणि त्यानंतर सगळे उठून प्रार्थना करतात, असं त्यानं त्यात सांगितलंय.

वेळ असेल तोवर! तेव्हा वेळ असेल तितकं वाचायचे. आज मला रविवारी सकाळी दारातच सांगतात, 'आज समय कम है, चार ही वचन पढ़िएगा.' पूर्वी आमच्या मंडळीत जुना करार, प्रेषितांचं एखादं पत्र आणि शुभवर्तमान असे तीन पाठ व्हायचे. आता पडद्यावर एक तुकडा येतो, त्याच्या मागचं-पुढचं कुणाला कळत नाही, आणि तो पडद्यावरून गेला की गेला. कॅथलिक बांधवांकडे १९६९ पासून रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र ठरलेलं आहे. दर रविवारी सहसा दोन पाठ, मध्ये स्तोत्र आणि शेवटी शुभवर्तमान. हा क्रम पुरोहिताच्या मनावर नसतो. आम्ही प्रोटेस्टंट लोक 'केवळ शास्त्र' म्हणत वेगळे झालो आणि आमच्याकडेच शास्त्राला कात्री लागते, हे मनाला फार लागतं.

शास्त्र कमी झालं की प्रार्थनेचं काय होतं, ते त्या गृहस्थांनी पाहिलंच. ती नुसती मागण्यांची यादी होते. एका शिष्यानं 'आम्हांला प्रार्थना करायला शिकवा' म्हटल्यावर येशूनं जी शिकवली, तिच्यात आधी पित्याचं नाव, मग त्याचं राज्य, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याची इच्छाही, आणि त्यानंतर कुठं भाकर येते. तीही 'माझी' नाही, 'आमची रोजची भाकर'. चर्चमध्ये मी तोंडानं 'रोटी' म्हणते, पण डोळ्यांपुढे माहेरची ज्वारीची भाकरच असते, तव्यावरून थेट निखाऱ्यावर टाकलेली. आणखी एक गोष्ट मला लहानपणापासून नवलाची वाटते. माझ्या वडिलांना आम्ही भावंडं 'अहो बाबा' म्हणायचो, पण त्या प्रार्थनेत स्वर्गातल्या पित्याला 'तू' म्हणायचो. तुझं राज्य येवो, तुझी इच्छा पूर्ण होवो. विठ्ठलाला 'तू' म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता सासऱ्यांचं सांगते. ते इथल्या एका कापडगिरणीत होते. त्यांचं बायबल माझ्याकडे आहे. पुठ्ठा दोनदा बदललेला, कण्याला आतून मांजरपाटाची पट्टी चिकटवलेली. पहिल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म आणि बाप्तिस्मे. आणि बायबलमधल्या स्तोत्रांपैकी तेराव्या स्तोत्राच्या शेजारी तांबड्या पेन्सिलीनं फक्त एक तारीख. गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं त्या दिवसाची. त्या संध्याकाळी ते खाटेवर मांडी घालून बसले आणि ते स्तोत्र मोठ्यानं वाचलं. त्याच्या पहिल्या दोनच वचनांत देवाला चार वेळा 'कोठवर?' असं विचारलंय. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं. वेगळी प्रार्थना केली नाही. सासूबाई 'आमेन' म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. थकलेला पगार, घरभाडं, पोरांची फी, यातलं एक अक्षर ते बोलले नाहीत, पण सगळं बोलून झालं होतं.

स्वतःचे शब्द आटतात तेव्हा माणसाला हे उसने शब्द लागतात. पाठ केलेली, वाचून दाखवलेली प्रार्थना मनापासूनची नसते असं म्हणणारे आमच्यातही आहेत. त्यांना मी एवढंच विचारते, की क्रूसावर येशू काय म्हणाला? 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हे बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे. लूकमधला त्याचा शेवटचा उद्गार, 'मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो', एकतिसाव्या स्तोत्रातला. मरणाच्या वेळी त्याच्या ओठांवर लहानपणी ऐकलेलं शास्त्रच आलं. ज्या पोरांना आपण ते ऐकवलंच नाही, त्यांच्या ओठांवर काय येणार?

आणि ऐकवायचं ते समजेल असं. पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा मोठा व्याप सांभाळून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल त्यांनी उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर हे काम त्यांनी तडीस नेलं होतं. त्या तुलनेत रविवारची पंधरा मिनिटं काय मोठी आहेत?

इंदुरातल्या माझ्या मंडळींना हात जोडून विनंती आहे. एक गाणं कमी घ्या, पण अध्याय पुरा वाचू द्या. वाचणाऱ्याला उतारा शनिवारी तरी कळवा. आणि आमच्यासारखी मराठी घरं ज्या चर्चमध्ये आहेत, तिथं महिन्यातून एकदा एक स्तोत्र मराठीतून होऊ द्या.

त्या पत्रलेखक गृहस्थांनाही एक आमंत्रण. नाताळाची गर्दी पाहिलीत, आता शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा वाजता या. तीन वाजेपर्यंत क्रूसावरचे सात उद्गार एकेक करून वाचले जातात, प्रत्येकानंतर थोडा वेळ सगळे गप्प बसतात. मागच्या बाकांवर जागा असते, दार उघडंच असतं. यंदा चौथा उद्गार माझ्याकडे आहे.

आपली,
एक ख्रिस्ती वाचक, इंदूर