चूक ‘फोर्टी’ची आणि चूक ‘फोर्टीन’ची

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ‘मी सहाला निघेन’ हे इंग्रजीत लिहिताना ‘लीव्ह’च्या जागी ‘लिव्ह’चे स्पेलिंग घातले की त्याचा स्क्रीनशॉट दिवसभर फिरतो. त्याच ग्रुपवर सभेची इंग्रजी नोटीस येते, तिच्यातला वार आणि तारीख एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. रोजच्या इंग्रजीतल्या चुकांकडे बघण्याची आपली ही रीत मला मनापासून खटकते.

‘लिव्ह’ची चूक का होते? मराठी बोलताना ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण सारखेच उच्चारतो. इकारातला ऱ्हस्व-दीर्घ भेद आपल्याकडे लिहिण्यापुरता उरला आहे. इंग्रजीत मात्र त्याच भेदावर ‘फिल’ आणि ‘फील’ असे वेगळे शब्द उभे आहेत. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्हींसाठी आपला एकच ‘व’. ‘सिन्स टू इयर्स’ही असेच येते, कारण ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ दोन्हीकडे आपण ‘पासून’च म्हणतो. इंग्रजीत काळाची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’. ‘डिस्कस अबाउट’मागे आपले ‘विषयी चर्चा’ आहे. ‘डिस्कस’ या क्रियापदाला थेट कर्म लागते, ‘डिस्कशन’ या नामापुढे मात्र ‘अबाउट’ चालते. आणि ‘द’ गळतो, कारण मराठीत आर्टिकल हा प्रकारच नाही. या प्रत्येक चुकीचे कारण दोन मिनिटांत समजावता येते. ते समजावण्याऐवजी माणसाला हसले की तो चारचौघांत इंग्रजी लिहायचेच सोडतो, हे मात्र हमखास होते.

इंग्रजी स्पेलिंग ही काही शुद्ध तर्काने बांधलेली गोष्टही नव्हे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना काढला, तेव्हा त्या भाषेतल्या स्वरांचे उच्चार सरकत होते. पुढे उच्चार बदलले, छापील अक्षरे बऱ्याच अंशी तशीच राहिली. ‘डेट’ म्हणजे कर्ज, यातला न उच्चारायचा ‘बी’ पंडितांनी लॅटिन ‘डेबिटम’ आठवून मागाहून घुसवला. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर चुकीनेच आला; मूळ इंग्रजी शब्दात तो नव्हताच, ‘आइल’ या वेगळ्या कुळातल्या शब्दाशी नाते जोडून तो चिकटवला गेला. मालकी दाखवणाऱ्या ‘इट्स’ला आज अपॉस्ट्रॉफी दिली की नापास, पण सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रज स्वतः ती सर्रास देत. आपल्याकडचा ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) कित्येक वर्षे चेष्टेचा विषय होता. आज तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे.

याचा अर्थ काहीही लिहिलेले चालते, असा कुणी काढू नये. काही चुका खरोखर महाग पडतात.

चेकवर ‘फोर्टी’ लिहिताना बरेच जण ‘फोर’मधला ‘यू’ आणतात. तो तिथे नाही, पण त्यामुळे रकमेचा अर्थ बदलत नाही. ‘फोर्टी’च्या जागी ‘फोर्टीन’ पडले तर? १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ नुसार अंक आणि अक्षरे यांत फरक असेल तर अक्षरी रक्कम धरायची. प्रत्यक्षात असा चेक परत येण्याचीच भीती जास्त.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात ज्या कामांना ओव्हरटाइम मिळत नाही त्यांची यादी आहे, तिच्यातला शेवटचा स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे ‘पॅकिंग’ आणि ‘डिस्ट्रिब्युशन’ ही दोन कामे की एकच, असा वाद दूध पोचवणाऱ्या ड्रायव्हरांनी उभा केला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

आपल्याकडे सर्वांत जास्त मनस्ताप होतो तो नावांच्या स्पेलिंगचा. ‘जाधव’मध्ये ‘एच’ आहे की नाही, ‘संजीव’ला एक ‘आय’ की दोन ‘ई’, ‘वैशाली’ ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने? शाळेच्या दाखल्यावर एक, पॅनवर दुसरे, पासपोर्टच्या अर्जात तिसरे. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नावबदल छापून आणा. (‘आधार’चे सरकारी इंग्रजी स्पेलिंगही दोन्ही ठिकाणी दुहेरी ‘ए’ने आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?) दहावीच्या परीक्षेआधी शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे विद्यार्थ्यांच्या माहितीची कच्ची यादी, तपासायला येते तेव्हा पालकांनी पाल्याचे, वडिलांचे आणि आईचे नाव एकेक अक्षर बोट ठेवून जुळवावे आणि पुढे प्रत्येक अर्जात तेच स्पेलिंग उतरवावे.

फोनमधला स्पेलिंग तपासनीस इथे कामाला येत नाही. ‘नॉट’मधला शेवटचा ‘टी’ जाऊन ‘डब्ल्यू’ पडला की ‘नाऊ’ होते. ‘प्रवेश आता नाहीत’चे ‘प्रवेश सुरू’ होते आणि खाली लाल रेघ उमटत नाही. ‘मॅनेजर’मधला दुसरा ‘ए’ गळला तर गुरांच्या गव्हाणीचा इंग्रजी शब्द तयार होतो, तोही शब्दकोशात असल्याने सुटतो. फोनची भाषा ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ असेल तर ‘कलर’मधला ‘यू’ चूक ठरतो, म्हणून ती आधी ‘इंग्लिश (इंडिया)’ करून घ्यावी.

नोटीस किंवा अर्ज पाठवण्यापूर्वी दोनदा वाचावा. पहिल्या वाचनात फक्त नावे, तारीख-वार, रक्कम, फोन नंबर आणि ‘नॉट’, आणि तेही मूळ कागद शेजारी ठेवून. दुसऱ्या वाचनात भाषा, शक्यतो मोठ्याने, कारण डोळा गळलेला शब्द भरून घेतो आणि जीभ तिथे अडखळते. दुसऱ्याची चूक दिसली तर ग्रुपवर न लिहिता त्याला एकट्याला कळवावे, एका वेळी एकच, आणि सुधारलेले पूर्ण वाक्य द्यावे म्हणजे त्याला ते तसेच उचलता येते. तारीख किंवा रक्कम चुकली असेल तर मात्र थांबू नये. लगेच, सर्वांसमोर आणि ‘दुरुस्ती’ असे वर लिहून कळवावे.

आपला,
एक मुद्रितशोधक