काठावर डबा खाऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या, काठी काय काय व्हावं यावर आपल्याकडं वाचकांची पत्रं येताहेत. कुणाला क्रूझ पाहिजे, कुणाला काचेचा पूल. मी संभाजीनगर–पैठण रस्त्यावर 22 वर्षं काळीपिवळी जीप चालवली. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन करत माणसं पाण्यापर्यंत नेली, परत आणली. परवाना नऊ जणांचा होता, बसायचे किती ते विचारू नका. त्या हक्कानं माझंही एक मागणं आहे. काठावर घरचा डबा खायला जागा द्या.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी आम्ही कारभारीण, लेक, जावई आणि दोन नातवंडं घेऊन गेलो. कारभारणीनं पहाटे चारला उठून धपाटे थापले. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, स्टीलच्या कॅनमध्ये दही. पाण्याजवळ पोचलो तर सावली म्हणून एक बाभूळ, तिच्याखाली आधीच दोन कुटुंबं. म्हणून जवळच्या एका हॉटेलात शिरलो. सहा चहा आणि दोन प्लेट भजी सांगितली आणि मग डबा उघडला. वाढणारं पोरगं आलं, हळूच म्हणालं, "काका, बाहेरचं खाणं चालत नाही," आणि भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. त्याचा काय दोष? ते हिंगोलीकडचं, रोजावर आलेलं. आम्ही उठलो, गाडीची दारं उघडी टाकून आत बसून जेवलो. दह्याचा कॅन सीटवर लवंडला. संक्रांतीपर्यंत गाडीला वास होता.

हॉटेलांवर माझा राग नाही. कायगाव टोक्याला, प्रवरा गोदावरीला मिळते तिथं, तळलेले मासे मीही चापून खाल्लेत. संभाजीनगरात शहागंजकडं गेलो की नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, सोडत नाही. पण महिन्यातून एकदा लेकरांना पाणी दाखवायला नेणाऱ्या घराला दर वेळी सहा ताटं परवडत नाहीत. आता हुरडासुद्धा बघा. वावरात आगटी पेटवायची, गोवऱ्यांवर कणसं भाजायची, तळहातावर चोळून खायची, एवढाच तो कार्यक्रम. त्यालाही माणशी दर लागला, वर बैलगाडीची चक्कर वेगळी.

बायकांची गोष्ट तर कुणी लिहीतच नाही. माझ्या गाडीत नाथषष्ठीला, श्रावणी सोमवारी बायकाच जास्त असायच्या. एवढ्या मोठ्या पाण्याकाठी जायचं म्हणून आमची कारभारीण सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही, कारण तिथं आडोसा नाही. क्रूझ मागणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा.

आणि काठ, काठ म्हणतो तो एका जागी असतो का? नाथसागर पसरट आणि उथळ आहे. दिवाळीत पाणी बाभळीच्या बुडाशी असतं, मे महिन्यात तिथून चपला हातात घेऊन चालत जावं लागतं. पाणी मागं सरकलं की लोक त्या गाळात हरभरा पेरतात. 2016 च्या उन्हाळ्यात जिवंत साठाच, म्हणजे धरणातून सोडता येणारं पाणीच, संपला होता. माझ्या आईचं माहेर धरणात गेलेलं. त्या उन्हाळ्यात तिला घेऊन गेलो, तिनं एका ओट्याचे दगड ओळखले आणि उन्हात तिथंच बसून राहिली, चला म्हटलं तरी उठेना. उलट 2006 ला 27 दरवाज्यांतून असं पाणी सुटलं की पैठणच्या घराघरात शिरलं. अशा पाण्याला चिकटून क्रूझसाठी जेटी, म्हणजे बोटीचा धक्का, बांधली तर निम्मं वर्ष ती कोरड्यात उभी राहील.

दुसरं पाखरांचं. 1986 पासून हे अभयारण्य आहे. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस, येतात, रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात. मला ही नावं शहरातल्या दुर्बीणवाल्यांनी शिकवली. दिवसभरासाठी गाडी ठरवायचे, तीन-तीन तास गप बसायचे, डबलरोटी खायचे आणि संत्र्याची सालंसुद्धा पिशवीत घालून परत न्यायचे. तेव्हा मी मनात हसायचो. आता दुसरे लोक त्याच पट्ट्यात गाडीची डिकी उघडून स्पीकर लावतात, पत्रावळ्या आणि बाटल्या तिथंच सोडतात. संभाजीनगरच्या नळाला हेच पाणी येतं, हे विसरतात.

म्हणून माझं म्हणणं असं की, पाखरांच्या जागेपासून लांब, पाणी पूर्ण भरतं त्या रेषेच्या वर, एक तुकडा आखून द्यावा. बसायला दगडी ओटे, प्यायच्या पाण्याचा एक नळ, बायका-पुरुषांसाठी वेगळ्या मुताऱ्या आणि त्या धुणारा पगारी माणूस. कचऱ्याचे डबे झाकणाचे हवेत, नाहीतर कुत्री सगळं पसरवतात. स्पीकरला बंदी. पार्किंगचे दहा-वीस रुपये घेतले तर कुणी कुरकुरणार नाही, त्यातूनच त्या माणसाचा पगार निघेल. सावलीसाठी गुलमोहर नको, वाऱ्यानं फांद्या पडतात. चिंच आणि कडुनिंब लावा. चिंचेला सावली धरायला वेळ लागतो हे मला कळतं. तोवर पत्र्याचं शेड चालेल.

आपला,
पैठण रस्त्यावरचा एक जुना जीपवाला,
बिडकीन