उत्तर दडवा, दुवे दडवू नका

रविवारच्या पुरवणीतील रहस्यकथेचा शेवट अधांतरी ठेवून लेखकाने वाचकांना फसवले, अशी तक्रार करणारी पत्रे वाचली. नाराजी रास्त आहे, पण रोख चुकला आहे. खुनी कोण हे न सांगणे हा काही गुन्हा नव्हे. अमेरिकी लेखक फ्रँक स्टॉक्टन यांनी १८८२ मध्ये ‘द लेडी, ऑर द टायगर?’ ही कथा प्रश्नावरच थांबवली. तीत राजकन्या आपल्या प्रियकराला दोनपैकी एक दार उघडण्याची खूण करते: सुंदरी निघाली तर तिच्याशी लग्न, वाघ निघाला तर मरण. त्या दारामागे सुंदरी होती की वाघ, यावर वाचक आजही हुज्जत घालतात. मात्र तिथे राजकन्येचे प्रेम आणि मत्सर दोन्ही वाचकापुढे उघड मांडलेले आहेत. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे जे दहा नियम सांगितले, त्यांत एक असा की, तपास करणाऱ्याला सापडलेला दुवा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. पुरवणीतल्या कथेत मात्र इन्स्पेक्टर एक चिठ्ठी वाचून खिशात घालतो आणि ती पुन्हा बाहेर येतच नाही. (मी तीनदा मागे जाऊन पाहिले.) तिच्यातला मजकूर सांगितला असता, तर खुनी आम्ही आमच्यापुरता ठरवला असता आणि शेवटाबद्दल कुरकुरही केली नसती.

— एक वाचक