पंपाबद्दल, बाबांच्या पायांसाठी

ती. बाबा आणि आई यांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं होतच नाही. आई मधेच "जेवलीस का" विचारते आणि बाबा, तुम्ही "बघू" म्हणून ठेवून देता. म्हणून लिहून पाठवतेय.

दादाचं म्हणणं, बाबांच्या पायांच्या ताठपणासाठी एकदा औषधाचा पंप पोटात बसवला की गोळ्याही सुटल्या अन् पुण्याच्या चकराही. गोळ्यांचं बरंचसं खरं आहे, चकरांचं नाही.

पंप म्हणजे तळहातावर मावेल असा गोल, चपटा डबा. तो पोटाच्या कातडीखाली बसवतात. त्यातली बारीक नळी आतल्या आतच पाठीकडे नेऊन मणक्यातल्या पाण्यात सोडतात. बाहेर वायर-बियर काही नाही. गोळीतलं बॅक्लोफेन, म्हणजे ताठलेले पाय सैल करणारं औषध, रक्तातून अंगभर फिरतं, मणक्यापर्यंत थोडंच पोचतं. म्हणून तर डोस वाढवला की पाय सैल पडायच्या आधी तुम्हाला गुंगी चढते. पंपातलं औषध ठिबकसारखं थेट मुळाशी पडतं. मिलिग्रॅमचं काम मायक्रोग्रॅममध्ये होतं.

पण ठिबकची नळी चोंदली तर आपली मोसंबी आठ दिवस तग धरते. इथं औषध अचानक तुटलं तर एक-दोन दिवसांतच अंगाला खाज सुटते, पाय आधीपेक्षा जास्त ताठतात, मग सणकून ताप, बरळणं. जिवावरही बेतू शकतं. म्हणून टाकी संपायच्या आत भरून घ्यायचीच. डॉक्टर कातडीतून सुई घालून भरतात. डोसप्रमाणे दर काही महिन्यांनी, फार तर 6 महिन्यांनी. औषध संपत आलं की पंप वाजतो, पण वाजायची वाट बघायची नाही. मग सोयाबीनची काढणी असो की घरातलं लग्न. शिवाय 5-7 वर्षांत बॅटरी संपते आणि पंपच बदलावा लागतो. खर्च लाखांत आहे, तो मी आणि दादा बघू.

बाबा, उठताना तुम्ही पायांच्या त्या ताठपणावरच भार देता, हे डॉक्टरांना सांगितलंत का? पाय फार सैल पडले तर उभं राहणं उलट अवघड होईल. डोस बाहेरून यंत्रानं बदलता येतो, रात्री जास्त, दिवसा कमी असाही ठेवता येतो. रात्री पायांना येणारे झटके कमी झाले तर आईलाही झोप मिळेल. ती बोलणार नाही, मी बोलते.

माझं मत विचाराल तर आधी चाचणी करू. पाठीत सुईनं एकदाच औषध देतात, काही तास पाय बघतात, संध्याकाळपर्यंत असर उतरतो. फरक पडला तरच पुढचं. चालण्याची ताकद मात्र यानं परत येणार नाही, तेवढं मनाशी धरून या.

पोळा झाला की दादासोबत निघा, एमआरआयची फाईल विसरू नका. अन् तोवर गोळ्या मनानं बंद करू नका. त्याही एकदम सोडलेल्या चालत नाहीत.

तुमची,
मीना